धुण्याची बादली आणि घरचा हिशेब

तुरीच्या डाळीचा भाव किलोमागे दहा रुपयांनी वाढला की वर्तमानपत्रांचे मथळे बदलतात, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात आणि घरोघरी आमटी पातळ होते. त्याच किराणा यादीच्या तळाशी ‘कपड्यांची पावडर’ अशी एक ओळ असते. त्या ओळीवर मात्र सहसा कोणी चर्चा करीत नाही. वस्तुतः गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या एका ओळीच्या चार-पाच ओळी झाल्या आहेत. पावडर, वडी, यंत्रासाठी वेगळा द्रव, कॉलरच्या मळासाठी वेगळा, कपडे मऊ राहावेत म्हणून एक आणि त्यांना सुगंध यावा म्हणून आणखी एक. दोन पिढ्यांपूर्वी याच मध्यमवर्गीय घरात साबणाची एक लांब वडी, सोड्याची पुडी आणि निळीची डबी एवढ्यावर सहा-सात माणसांचे धुणे निघत असे. त्या घरातील माणसे कळकट कपड्यांनी वावरत होती, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. शाळामास्तरांचे धोतर आणि कारकुनाचा सदरा यांच्या शुभ्रतेची उदाहरणे त्या पिढीला आजही आठवतात.

अलीकडे महिला मंडळांत, भजनी मंडळांत आणि कुटुंब प्रबोधनाच्या बैठकांतही घरीच कपड्यांची पावडर करण्याची चर्चा ऐकू येते. कृतींचे कागद हातोहाती फिरतात. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने पंच परिवर्तनाचा जो विषय समाजापुढे ठेवला गेला, त्यात कुटुंब, पर्यावरण आणि ‘स्व’चा बोध हे तीनही धागे या एका बादलीत एकत्र येतात, हे खरेच आहे. त्यामुळे अशा उत्साहाचे स्वागतच व्हावयास हवे. परंतु स्वागत करताना परीक्षा सोडून चालत नाही. घरी केलेली प्रत्येक वस्तू स्वस्त असते, सुरक्षित असते आणि स्वदेशीही असते, ही तीनही गृहीतके तपासून पाहावी लागतात. धुण्याच्या पावडरीबाबत ती तपासली असता जे हाती लागते, ते उत्साही मंडळींना काहीसे अडचणीचे, पण हिशेबी गृहिणीला उपयोगी पडणारे आहे.

या देशाला स्वच्छता शिकवण्यासाठी कोणी परदेशी कंपनी यावी लागली, हा समज प्रथम बाजूला ठेवला पाहिजे. लिव्हर कंपनीच्या सनलाइट साबणाची खोकी १८८८ साली कोलकात्याच्या बंदरात उतरली. त्याआधीही येथे कपडे धुतले जात होते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराचे खारे, अल्कधर्मी पाणी आज पर्यटकांना आणि भूशास्त्रज्ञांना खेचून आणते. २०२० साली त्या सरोवराला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. मात्र याच परिसरात काच आणि साबण करण्यास लागणारी द्रव्ये मिळतात, याची नोंद अकबराच्या काळातील ‘ऐने-अकबरी’त आहे. लाकडाची व गोवऱ्यांची राख, खारवट माती, रिठे, हिंगणबेटाचा गर ही सारी त्या-त्या प्रदेशातील धुण्याची साधने होती. कोणते कापड कशाने धुवावे, कशाला भट्टी द्यावी आणि कशाला नुसते खळबळून काढावे, याचे शास्त्र गावच्या परिटाला तोंडपाठ असे. साऱ्या गावाचे कपडे एकत्र भट्टीत जात, म्हणून ओळखीसाठी बिब्ब्याच्या रसाची खूण केली जाई आणि ती खूण कापड फाटेपर्यंत निघत नसे! हे ज्ञान ज्यांच्यापाशी होते त्यांना समाजाने बलुतेदारीत कोणते स्थान दिले, हा प्रश्न मात्र स्वतःला विचारण्याजोगा आहे. परीट समाजातच १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन महाराष्ट्राला स्वच्छता शिकवली. त्या ज्ञानपरंपरेची आठवण काढायची, तर ज्यांनी ती जतन केली त्यांची आठवण आधी काढली पाहिजे. समरसतेचा विषय केवळ व्याख्यानाच्या व्यासपीठावर राहत नाही, तो असा धुण्याच्या दगडापाशीही येतो.

स्वदेशीच्या चळवळीत साबण हा महत्त्वाचा विषय होता. अर्देशिर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास प्राण्यांची चरबी न वापरता वनस्पती तेलापासून साबण बाजारात आणला, तेव्हा त्यामागे व्यापाराइतकाच स्वाभिमानही होता. स्वातंत्र्यानंतर खादी ग्रामोद्योगाने कडुनिंब, करंज, मोह अशा अखाद्य तेलांपासून साबण करण्याचा उद्योग हाती धरला. त्यामागचा विचार साधा होता. खाण्याचे तेल माणसाच्या पोटात जावे आणि जंगलात गळून पडणाऱ्या बियांचे तेल धुण्याला यावे. आज हा देश पामतेलाचा जगातील सर्वांत मोठा आयातदार आहे आणि त्या आयातीतील काही वाटा साबणांच्या कारखान्यांत जातो. तेव्हा वडीवर भारतीय कंपनीचे नाव असले, तरी आतील तेल इंडोनेशिया किंवा मलेशियातून आलेले असू शकते. स्वदेशीचा विचार वेष्टनावरील नाव वाचून संपत नाही, तो इथपर्यंत न्यावा लागतो.

१९५९ साली हिंदुस्थान लिव्हरने सर्फ आणला आणि साबणाच्या जागी डिटर्जंट हा शब्द घरात आला. तो मुख्यतः सधन घरांत आला. सामान्य घराला ती पावडर परवडत नव्हती. १९६९ साली अहमदाबादेत गुजरात सरकारच्या सेवेत असलेले एक रसायनतज्ज्ञ, करसनभाई पटेल, यांनी घराच्या परसात पावडर कालवण्यास सुरुवात केली. कचेरीची वेळ संपल्यावर सायकलवर पुड्या लादून ते दारोदार विकत. मुलीच्या नावावरून त्यांनी तिचे नाव ‘निरमा’ ठेवले. बड्या कंपनीच्या पावडरीच्या तुलनेत तिची किंमत इतकी कमी होती, की मोलकरणीपासून मास्तरांपर्यंत सर्वांच्या मोरीत ती पोहोचली. पुढे बड्या कंपनीला सर्फची कैवारी अशी चोख हिशेबी ‘ललिताजी’ दूरचित्रवाणीवर आणावी लागली आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वस्त पावडर स्वतंत्रपणे काढावी लागली, यातच सारे आले. तिकडे केरळात त्रिशूर येथे एम. पी. रामचंद्रन यांनी १९८३ साली भावाकडून पाच हजार रुपये उसने घेऊन ‘उजाला’ची सुरुवात केली. स्वयंपाकघरातील प्रयोगांतून निघालेली ती निळ्या-जांभळ्या द्रवाची बाटली आज खेड्यातल्या दुकानातही दिसते. बहुराष्ट्रीय भांडवलाला परसातून आव्हान देता येते, याची ही दोन उदाहरणे ‘खाउजा’च्या, म्हणजे खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरणाच्या, चर्चेत वारंवार दिली गेली आणि ती योग्यच होती. दुसरी बाजूही आहे. १९९३ साली टाटांची ‘टॉम्को’ ही जुनी साबण कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली. १९९१ साली नागपुरात दत्तोपंत ठेंगडी यांच्या पुढाकाराने स्वदेशी जागरण मंच उभा राहिला होता. त्याच्या कार्यकर्त्यांना त्या काळी आपला मुद्दा पटवून देण्यासाठी दूरचे उदाहरण शोधावे लागले नाही.

परंतु निरमाच्या कथेतून ‘आपणही परसात पावडर कालवावी’ असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरते. करसनभाई रसायनतज्ज्ञ होते. ते कुटुंबापुरती पावडर करीत नव्हते, विक्रीसाठी करीत होते. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

साबण आणि डिटर्जंट या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे प्रथम स्पष्ट व्हावे. तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून साबण होतो. डिटर्जंटचा मुख्य घटक पेट्रोलियमपासून कारखान्यात तयार होतो. लघुउद्योगाच्या बाजारात तो ‘अॅसिड स्लरी’ या नावाने मिळतो. काळपट, दाट, तीव्र आम्लधर्मी असा हा पदार्थ धुण्याच्या सोड्यात मुरवला, त्यात मीठ, डोलोमाइट यांसारखा भराव, रंग आणि वास घातला की बाजारी पावडर तयार होते. घरगुती पावडरीच्या नावाने शिकवल्या जाणाऱ्या अनेक कृती वस्तुतः हीच कृती असतात. ही स्लरी कातडीला भाजते, डोळ्यांत उडाली तर कायमची इजा करू शकते, सोड्याशी तिचा संयोग होताना उष्णता व वायू निघतो. ज्या ओट्यावर दूध तापते आणि ज्या घरात लहान मूल रांगते, तेथे या पदार्थाला जागा नाही. कॉस्टिक सोड्याचेही तसेच. प्रशिक्षण, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, वेगळी जागा आणि अचूक वजन असेल तर बचत गटाने हे काम जरूर करावे. घरातल्या एकट्या गृहिणीने शनिवारी दुपारी करू नये. ‘घरचे ते निर्धोक’ हे वाक्य लोणच्याला लागू पडते, रसायनाला नाही.

दुसऱ्या काही कृती निरुपद्रवी असतात, पण निरुपयोगीही असतात. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून कपड्यांवर ओतण्याची शिफारस हल्ली फार होते. दोन्ही एकत्र आले की जोराने फेस येतो आणि पाहणाऱ्याला काहीतरी मोठे घडल्याचे समाधान मिळते. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्क एकमेकांना मारून टाकतात व मागे जवळजवळ साधे खारट पाणी उरते. फेस म्हणजे स्वच्छता ही समजूत जाहिरातींनी रुजवली; तिच्यावर घरगुती कृतींनीही विसंबावे, हे नवल आहे.

मग घरात नेमके काय करता येते? धुण्याचा सोडा हा या साऱ्या विषयाचा कणा आहे. वाण्याकडे तो आजही सुटा मिळतो. खाण्याचा सोडा तो हा नव्हे. महाराष्ट्राच्या पठारावर, विशेषतः विंधनविहिरीचे पाणी वापरणाऱ्या गावांत आणि वसाहतींत, पाणी जड असते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाला पकडून त्याचा चिकट साका करतात. म्हणून साबण फेसाळत नाही, गृहिणी अधिक साबण लावते, साका वाढतो आणि पांढरे कपडे करडे दिसू लागतात. बादलीभर जड पाण्यात आधी चमचाभर सोडा विरघळवला, तर हे क्षार बाजूला होतात आणि साबणाचे काम सोपे होते. मळकट सुती कपडे, चादरी, पायपुसणी कोमट सोड्याच्या पाण्यात तासभर भिजवली, तर निम्मा मळ हात लावण्यापूर्वीच सुटतो. आजीच्या पिढीला हे ठाऊक होते. पुढच्या पिढ्या पाकिटाच्या भरवशावर राहिल्या आणि विसरल्या. अॅल्युमिनियमच्या भांड्यात मात्र हा सोडा कालवू नये, धातू खराब होतो. हाताची कातडी कोरडी पडते, म्हणून हातमोजा किंवा नंतर तेलाचा हात लावणे बरे.

ज्यांना पावडरच हवी, त्यांनी तेलाच्या धुण्याच्या साबणाची वडी चांगली वाळवून बारीक किसावी आणि एक भाग कीस, दोन भाग धुण्याचा सोडा असे मिश्रण कोरड्या झाकणबंद डब्यात ठेवावे. बादलीला दोन मोठे चमचे, तेही कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून, पुरेसे होतात. डिटर्जंटची वडी किसून उपयोग नाही; ती मुळातच पावडरीची दाबलेली वीट असते. हे मिश्रण हाताने धुण्याला आणि साध्या, अर्धस्वयंचलित यंत्राला चालते. पूर्ण स्वयंचलित यंत्रात, त्यातही जड पाण्यात, साबणाचा साका आतल्या भागांवर बसत जातो. यंत्राच्या दुरुस्तीचा एक खर्च साऱ्या वर्षाची बचत खाऊन टाकू शकतो, हे उत्साहाच्या भरात विसरू नये.

रेशमी आणि लोकरी कपड्यांना ना हे मिश्रण चालते ना बाजारची साधी पावडर. रेशीम आणि लोकर हे प्राणिज धागे आहेत, अल्काने त्यांची झळाळी जाते आणि बळही. पैठणी, पीतांबर, शाल, स्वेटर यांच्यासाठी रिठ्यासारखे दुसरे द्रव्य नाही. आठ-दहा रिठे फोडून बिया काढाव्यात, टरफले रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी उकळावीत, कुस्करून गाळून घ्यावीत. रिठ्यातील सॅपोनिन या नैसर्गिक द्रव्यामुळे मळ सुटतो आणि धाग्याला धक्का लागत नाही. हा काढा डोळ्यांत गेला तर झोंबतो आणि दोन-तीन दिवसांत नासतो, म्हणून लागेल तेवढाच करावा. पांढऱ्या सुती सदऱ्यावर तो वापरला तर किंचित पिवळसर झाक येऊ शकते. सोनार आजही दागिने उजळण्यासाठी रिठे वापरतात. ज्या घरात दागिन्यांसाठी रिठे आणले जातात, त्याच घरातली पैठणी महागड्या ‘ड्रायक्लीन’ला जाते, ही गंमत आहे.

आता प्रत्यक्ष रुपयांकडे यावे, कारण विषय बचतीचा आहे. समजा, चौघांचे एक कुटुंब रोजच्या धुण्याला मूठभर, म्हणजे सुमारे ८० ग्रॅम पावडर वापरते. महिन्याला ती २ किलो ४०० ग्रॅम होते. स्वस्त पावडरीचा भाव किलोला ७० रुपये धरला, तर महिन्याचा खर्च १६८ रुपये. उंची पावडरीचा २०० रुपये धरला, तर ४८० रुपये. वर and वरचे द्रव व सुगंध वेगळे. घरच्या मिश्रणात तेलाचा साबण किलोला १३० आणि सोडा ५० रुपये धरल्यास ते किलोमागे सुमारे ७७ रुपयांना पडते. म्हणजे स्वस्त पावडर वापरणाऱ्या कुटुंबाने घरी पावडर करून एक पैसाही वाचत नाही, उलट किसण्याचे श्रम अंगावर पडतात. उंची पावडर वापरणाऱ्या कुटुंबाला मात्र चांगला लाभ होतो. भाव गावोगाव बदलतील, ज्याने त्याने आपल्या वाण्याचे भाव घालून हा हिशेब मांडावा. पण त्याचा कल फारसा बदलणार नाही. जो कारखाना रोज शेकडो टन पावडर करतो, त्याच्याशी घरच्या किसणीने किमतीत स्पर्धा करता येत नाही.

खरी बचत दुसरीकडे आहे. तेच कुटुंब मूठ सोडून चमच्याने मोजू लागले, मळके कपडे आधी सोड्यात भिजवू लागले आणि पावडर ८० ग्रॅमऐवजी ४० ग्रॅमवर आली, तर कोणतीही पावडर असो, तिचा खर्च निम्मा होतो. उंची पावडरवाल्या घरात वर्षाला सुमारे २,८८० रुपये, स्वस्त पावडरवाल्या घरात सुमारे हजार रुपये. त्यातून सोड्याचा किरकोळ खर्च वजा करावा. सुगंधी द्रव बंद केला, तर आणखी भर. पाकिटावर छापलेले प्रमाण वाचण्याचे कष्टही बहुतेक घरांत घेतले जात नाहीत. दहा रुपयांचे पाकीट दहालाच मिळते आणि आतील ग्रॅम कमी होत जातात, हेही वजन वाचणाऱ्यालाच कळते. दीनदयाळ उपाध्याय यांनी अर्थाचा अभाव आणि अर्थाचा प्रभाव या दोहोंपासून समाजाला वाचवणाऱ्या व्यवस्थेला ‘अर्थायाम’ म्हटले. तो शब्द मोठ्या अर्थरचनेसाठी होता, परंतु चमच्याने पावडर मोजणे ही त्याची अगदी घरगुती उजळणी मानता येईल.

शुभ्रतेच्या बाबतीतही थोडी फसगत चालू असते. अनेक पावडरींत कापडावर बसून राहणारी चकाकीची द्रव्ये असतात. सूर्यप्रकाशातील अदृश्य किरण शोषून ती निळसर प्रकाश बाहेर टाकतात, त्यामुळे पिवळट कापड डोळ्याला पांढरेशुभ्र भासते. मळ निघालेला असतोच असे नाही. जुनी नीळ हेच काम प्रामाणिकपणे, निळीच्या नावाने करीत होती. आणि कडक ऊन तर फुकटच मिळते. कपड्याचा कुबट वास घालवण्यास आणि जंतू मारण्यास त्याच्यासारखा दुसरा उपाय नाही. मात्र शहरांतील नव्या सदनिकांच्या रचनेत दोरी बांधण्याची जागाच उरलेली नाही आणि काही गृहसंकुलांत गॅलरीत कपडे वाळत घालण्यासही बंदी आहे. ऊन अडवून सुगंधाची बाटली विकत घेण्याची ही पद्धत कोणत्या प्रगतीत बसते, ते संबंधितांनाच ठाऊक.

पाण्याचा मुद्दा पैशाहून मोठा आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. जितकी पावडर अधिक, तितक्या खळबळण्याच्या बादल्या अधिक. मोजून पावडर टाकणाऱ्या घरात बादली-दोन बादल्या पाणी रोज वाचते आणि मराठवाड्यातल्या गृहिणीला त्या बादलीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. वापरलेले पाणी पुढे कोठे जाते? आळंदीला इंद्रायणीच्या पात्रावर पांढऱ्या फेसाचे थर तरंगतात. अलीकडच्या वर्षांत, २०२३ आणि २०२४ सालीही, ज्ञानोबांच्या समाधीच्या दर्शनाला आलेल्या वारकऱ्यांनी ते दृश्य पाहिले. त्याचे खापर केवळ धुण्याच्या पावडरीवर फोडणे अन्यायाचे होईल. उद्योगांचे आणि वाढत्या वस्त्यांचे प्रक्रिया न झालेले सांडपाणी हे त्याचे मूळ आहे आणि त्याचा जाब शासनाला व महापालिकांना विचारलाच पाहिजे. परंतु वस्त्यांच्या सांडपाण्यात प्रत्येक घराची मोरी असते. तीर्थ म्हणून ज्या नदीचे पाणी डोळ्यांना लावायचे, तिच्यात रोज मूठभर पावडर जादा सोडायची, ही विसंगती श्रद्धाळू घराने तरी पाहावी. घरचा साबण आणि सोडा वापरला म्हणजे नदी आपोआप पवित्र झाली असेही नाही. सोडाही पाण्याची अल्कता वाढवतो. कमी वापर हाच खरा उपाय, वस्तू कोणतीही असो.

या चर्चेत एक बाजू हमखास निसटते. घरी करायचे म्हणजे कोणी करायचे? स्वदेशी आणि बचत यांवरील व्याख्याने पुरुष देतात आणि किसणी स्त्रीच्या हाती येते, असे होऊ लागले तर तो संस्कार नव्हे. नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांचे औषधपाणी सांभाळणाऱ्या भगिनीच्या आठवड्यातून दोन तास काढून घेऊन वाचवलेले शंभर रुपये हा घरचा लाभ मानायचा, तर त्या दोन तासांची किंमत शून्य धरावी लागते. कुटुंब प्रबोधनाच्या बैठकीत या शून्याचा उच्चार व्हावा. शाखेत जाणारा स्वयंसेवक शिबिरात आपले कपडे आपण धुतो, गणवेश स्वतः स्वच्छ ठेवतो. तोच घरी आल्यावर न्हाणीघराच्या दाराशी कपड्यांचा ढीग टाकून जातो, हे चित्र पुष्कळ घरांत आहे. ज्याचा सदरा, त्याने तो रात्री सोड्यात भिजवावा. मुलांनाही यात घ्यावे. जड पाण्यात आणि सोडा घातलेल्या पाण्यात साबण कसा वेगवेगळा फेसाळतो, हे दोन काचेच्या बरण्यांत दाखवले तर विज्ञानाचा एक पाठ घरच्या घरी होतो.

आणि जेथे खरोखर पावडर करावयाची आहे, तेथे ती दहा-वीस घरांनी मिळून करावी. १९५९ साली गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जतची संस्था उभी राहिली. त्याच संस्थेची ‘ससा’ ही कपड्यांची पावडर आणि वडीही आहे, हे अनेकांना माहीत नसते. जेथे एका घरात किसणी परवडत नाही, तेथे बचत गटाला घाऊक भावात सोडा आणि साबण घेऊन काम परवडू शकते, धोक्याचे काम प्रशिक्षित हातांनी वेगळ्या शेडमध्ये होऊ शकते आणि सेवावस्तीतल्या काही भगिनींना मिळकतही होते. स्लरी वापरणाऱ्या गटाने आधी रीतसर प्रशिक्षण घ्यावे. खादी ग्रामोद्योगाची आणि जिल्हा उद्योग केंद्राची दारे त्यासाठी ठोठावता येतात. विक्री करायची तर पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याचा महिना आणि गटाचा पत्ता छापावा लागतो. हे नियम जाचक वाटले तरी ग्राहकाच्या हिताचे आहेत. ‘आपल्याच भगिनींचे आहे’ म्हणून वजनात वा दर्जात सूट मागू नये आणि ग्राहकानेही केवळ त्या कारणाने निकृष्ट माल पत्करू नये. पहिले ग्राहक त्याच सोसायटीतले, त्याच वस्तीतले असतील. त्यांनी महिनाभर वापरून, कपडे उन्हात वाळवून, पावडर कशी उतरली ते गटाला स्पष्ट शब्दांत सांगावे आणि पुढच्या महिन्याची मागणी त्यानंतरच नोंदवावी.